भर पाण्यातला थांबा

१

मला वाटलं होतं, डोंगा असेल. फार तर विहिरीवरचं एखादं जुनं इंजिन उचलून त्याला बांधलेलं असेल आणि चार माणसं बसली की बुडाशी पाणी झिरपत असेल. नांदुरा स्टेशनवर मला उतरवून घेताना मोतीराममामा म्हणाले होते, "तुह्या दवाखान्यासाठी बोट तयार करून ठेवली, सिंधू." मी नुसती हसून मान हलवली होती. मामांच्या उत्साहापुढे मान हलवायची, ही आमच्या घरची जुनी सवय.

धरणाच्या काठावर पोचले आणि हातातली पिशवी कधी खाली ठेवली ते मला कळलं नाही. पौषातल्या कोवळ्या उन्हात एक लांबसडक सागवानी लाँच पाण्यावर डुलत होती. वरून दुधासारखी पांढरी, खाली शेंदरी, नाकाशी निमुळती. गोल खिडक्यांच्या पितळी कडा अशा लखलखत होत्या, की जणू प्रत्येक खिडकीत एकेक सूर्य बसवला होता. मी मोठ्यानं हसले. दिल्लीत डॉक्टरकी शिकताना मी इंडिया गेट पाहिलं, राष्ट्रपती भवन पाहिलं, पण असा आनंद कशानंच झाला नव्हता.

धरण बांधलं जात असताना साहेब लोकांना पाण्यावरून फिरवायला ही लाँच मुंबईच्या बंदरातून मालगाडीनं नांदुऱ्याला आणि तिथून ट्रकवर लादून इथे आणली होती. काम संपलं, साहेब गेले, लाँच बाभळीखाली भंगारात पडली. मामा तेव्हाच एस.टी.तून रिटायर झाले होते. आधी वर्कशॉपात मेकॅनिक, मग ड्रायव्हर, असा त्यांचा जन्म गेलेला. त्यांना बोटीतलं काही कळत नव्हतं आणि त्याची त्यांना तिळमात्र लाज नव्हती.

"लाकडाच्या फटी काह्यानं भरल्या, सांग पाहू?" मला हाताला धरून वर चढवत ते म्हणाले.

"डांबर?"

"कापूस! नांदुऱ्याच्या जिनातला. वाती वळल्या, राळेत बुडवल्या, अन् ठोकून ठोकून बसवल्या. मुंबईची बोट वऱ्हाडच्या कापसावर तरून राह्यली, सांग तुह्या दिल्लीले."

मग त्यांनी बाकांमधली फळी उचलली आणि एकदम आवाज खाली आणला, झोपलेली लेकरं दाखवावीत तसा. खाली दोन डिझेल इंजिनं होती. विलायती, माझ्या जन्माच्या आधीची. हिरव्या रंगाची, तांब्याच्या नळ्या आरशासारख्या, तेलाच्या वाट्या पितळेच्या. मामांनी त्यांना नावं दिली होती. डावीकडची सासू, उजवीकडची सून.

"सासू तेल पाजल्याबिगर उठत नाही. सून हँडलले हात लावला का लागली बोलाले."

"मह्या बांगड्या कवा पुसल्या नाहीत जलमात," काठावरून सोजरामामी ओरडल्या, "पण ह्या नळ्या रोज पुसते हा माणूस. माह्यं नाव सासूत नाही अन् सुनेतबी नाही!"

"तुहं नाव बोटीवर लिहाले काढलं होतं," मामा म्हणाले, "मंग इचार केला, बुडाली तर?"

मामींनी त्यांच्याकडे एक ढेकूळ भिरकावलं. ते पांढऱ्या रंगाला लागू नये म्हणून मामांनी स्वतःच्या पाठीवर झेललं.

हसता हसता माझं लक्ष वर गेलं. छताला लागून, या टोकापासून त्या टोकापर्यंत एक सुती दोरी ओवलेली होती आणि तिच्या पुढच्या टोकाला, मामांच्या डोक्यावर, एस.टी.तली घंटा.

"मामा, बोटीला घंटा?"

"मंग सवारी उतरीन कशी?"

"मधे सगळं पाणीच आहे की."

"असू दे. बिगर घंटीची गाडी मह्या हातून सुटत नाही. एक ठोका थांब, दोन ठोके चाल. याच्यात पाण्याचं काय आलं?"

२

मी आले होते दवाखाना काढायला. पाणी चढलं तेव्हा भोनखेडी, माझ्या आईचं गाव, खाली गेलं आणि काठावर नवं भोनखेडी वसलं. तिथल्या दोन खोल्या समाजमंदिराच्या लोकांनी मला दिल्या होत्या. पण ज्यांना डॉक्टर हवा होता ती वाडी पाण्यापलीकडे होती, हिवरं. जुना रस्ता पाण्याखाली. नाल्यांना वळसा घालत बैलगाडीनं यायचं तर दिवस मावळतो. गेल्या पावसाळ्यात तिथली एक अडलेली बाई गाडीतच गेली होती. तेव्हापासून हिवऱ्यातली माणसं म्हणत, आपलं जे व्हायचं ते घरीच होऊ द्या.

आता तिथली बेबीताई दिवसात होती. पहिलटकरीण, पायावर सूज, असा निरोप होता; रक्तदाब चढला असणार. पोर आणि आई दोघं वाचायची तर तिला त्याच दिवशी अलीकडे आणायला हवं होतं. आणि तिला सुखरूप आणलं, तरच हिवऱ्यातली पुढची बाई बोटीत पाय ठेवणार होती.

मामांनी सासूला तेल पाजलं, हँडल मारलं. ती खाकरली, थांबली, पुन्हा खाकरली आणि मग असा भरदार आवाज लावला की माझ्या बाकाच्या लाकडातून तो पाठीच्या कण्यात आला. सून लगेच तिच्या सुरात मिसळली. एका बाजूनं इंजिनं थंड करून आलेल्या गरम पाण्याची पिचकारी उडत होती, मागे फेसाचा पट्टा लांबत होता, बगळे उठत होते. डब्यात मामींनी हुरडा दिला होता, तो मी मुठीमुठीनं खात होते. देशाचं काय होणार असं मला कुणी त्या क्षणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, सगळं नीट होणार!

पाण्याच्या मध्यावर घंटा वाजली. एकदाच. टण्ण.

मी मागे पाहिलं. बाकं रिकामी. दोरी हलत होती.

मामांनी वेग कमी केला, गिअर काढला. दोन्ही इंजिनं मंद लयीत बोलत राहिली. लाँच पाण्यावर सरकत सरकत थांबली.

"मामा?"

ते समोर पाहत होते.

मग लाँच डावीकडे कलली, जिथे उतरायची लोखंडी पायरी होती तिकडे. जराशीच. पुन्हा सरळ झाली. पुन्हा कलली. माझ्या ओळखीची गोष्ट होती ती. आठवडी बाजाराच्या दिवशी फाट्यावर एस.टी. थांबते, बायामाणसं बोचकी घेऊन एकेक करून उतरतात, तेव्हा गाडी अशीच दर माणसागणिक खाली बसते आणि वर येते. मी बाक घट्ट धरून बसले होते. ते कलणं थांबलं आणि लाँच हलकी झाली. हे मी कशावरून म्हणते ते मला सांगता येणार नाही. रिकामी झालेली गाडी कळते, तशी ती कळली.

मामांनी मागे न पाहता हात वर केला, दोरी दोनदा ओढली आणि गिअर टाकला.

"कोण उतरलं?" मी विचारलं. माझा आवाज थट्टेचा यावा असा माझा प्रयत्न होता.

"डायव्हर मागे पाहत नसते, बाई. मागचं कंडक्टर पाहते."

"पण कंडक्टर कुठे आहे?"

"हाव, तोच नाही ना," मामा म्हणाले आणि बिडी पेटवली.

३

माझ्या बाबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात भूत, भानामती, नवस हे शब्द चेष्टेपुरते उरले होते. मी तर विज्ञान शिकलेली. हिवऱ्याचा काठ येईपर्यंत मी सगळं जुळवलं. सुती दोरी पाण्याच्या ओलीनं आखडते. इंजिनाच्या थरथरीनं घंटा हलते. इथेच पाण्याच्या पोटात जुन्या भोनखेडीच्या दगडी भिंती, पार, झाडं आहेत, तिथे प्रवाह उलटसुलट होत असणार, म्हणून कलणं. मामा गंमत करत होते. झालं. मी उरलेला हुरडा संपवला.

काठावर बेबीताई खाटेवर बसून वाट पाहत होती. गोल चेहऱ्याची, हसरी, सूज चढली तरी डोळ्यांत खोडी.

"ह्याच का डॉक्टरीणबाई? मले वाटलं म्हाताऱ्या असतीन. ह्या तर मह्यापेक्षाबी बारक्या!"

मी तिचा दाब मोजला. आकडा मला आवडला नाही. मी आवाजात काही येऊ दिलं नाही.

तिची सासू रुक्मिणीबाई मात्र गाठोडं छातीशी धरून उभी होती, देत नव्हती. "पहिलं बाळंतपण माहेरी, ते बराबर हाये. पण माहेराहून घ्याले कोण आलं? भाऊ आला?"

बेबीताईचं माहेर भोनखेडीचंच. भाऊ नांदुऱ्याला कापसाच्या जिनात हमाल होता, हंगामात सुट्टी मिळाली नव्हती. आई पाणी चढायच्या आधीच्या साली गेलेली.

"मी आले ना," मी म्हणाले.

"तुमी डॉक्टरीण. घ्याले माहेरचंच माणूस येते. तशी रीत हाये. बिगर घेतल्याची पोर मी कशी धाडू?"

"मंग मी कोण?" मामा लाँचमधून ओरडले. "भोनखेडीचाच ना मी? तिच्या बापासंगं गोट्या खेळलो. आण तिले लवकर, सून गरम होऊन राह्यली!"

"माह्यी सून?" रुक्मिणीबाई भडकल्या.

"माह्यी वाली, बाई! इंजिन!"

सगळा काठ हसला. बेबीताई तर पोट धरून हसली. त्या हशात रुक्मिणीबाईंच्या हातातून गाठोडं सुटलं. पण बेबीताईच्या गालावरून हात फिरवताना त्या पुटपुटल्या, "माय असती तर आली असती वं घ्याले." मी त्यांना शब्द दिला की उद्या सकाळी निरोप येईल, चांगलाच येईल.

४

परतताना ऊन कललं होतं. सगळं पाणी जवसाच्या तेलासारखं पिवळं दिसत होतं. बेबीताईला मी बाकावर डाव्या कुशीवर टेकवलं होतं आणि तिचा हात हातात धरला होता, थोडा नाडीसाठी, थोडा तिच्यासाठी. ती पितळी खिडक्यांना बोट लावून पाहत होती.

"मोतीराममामा, हे सोनं हाये का?"

"तुह्या पोराच्या बारशाले काढून देतो एक!"

टण्ण.

ह्या वेळी मी दोरीकडेच पाहत होते. ती थरथरली नाही. ती ओढली गेली. मधल्या भागात, पायरीच्या दाराजवळ, कुणीतरी मूठ घालावी तशी ती खाली आली आणि परत वर गेली.

इंजिनांचा आवाज उतरला. लाँच थांबली.

आता उतरायला कुणी नव्हतं. लाँच येताना हलकीच होती. मी स्वतःला हे बजावलं. आणि तेव्हाच ती डावीकडे कलली, पण उलट्या तऱ्हेनं. उतरणारा माणूस पायरीवरून जातो तेव्हा बाजू वर येते. ही बाजू खाली गेली आणि खालीच राहिली. कुणीतरी पायरीवर पाय ठेवून उभं होतं.

दार अर्ध्या उंचीचं होतं. त्याच्या वर मला आधी पाणी दिसलं, पिवळं, स्वच्छ. मग दोन हात दिसले. बाईचे, राबलेले, हिरव्या काचेच्या बांगड्या भरलेले. ते हात लुगड्याचा पदर पिळत होते. सावकाश, नीट, जशी आपण दुसऱ्याच्या सारवलेल्या घरात शिरण्याआधी पिळतो. मामांनी पॉलिश केलेली फळी ओली होऊ नये, इतकीच त्यांना काळजी असावी.

बेबीताई उठून बसली. तिचा चेहरा असा खुलला होता, की तिला आवरायचं माझ्या मनातच येईना.

"माय," ती म्हणाली. "आलीस का व घ्याले?"

तिनं गाठोडं घेतलं. सुजलेले पाय खाली टेकले. माझ्या हातातून तिचा हात निसटत होता आणि भयंकर गोष्ट ही की मलाही उठावंसं वाटत होतं. चुलीवर ज्वारीची भाकरी फुगल्याचा वास येत होता. आजोळी सुट्टीला यायचो तेव्हा फाट्यावरून चालत येताना यायचा तोच. कुणी बोलावत नव्हतं, ओढत नव्हतं. फक्त घर आलं होतं आणि घर आलं की माणूस उतरतं.

तिच्या मनगटाशी माझ्या बोटांखाली नाडी धडधडत होती. दोन जीवांची होती ती. मी तिला दोन्ही हातांनी कवेत धरलं आणि बाकावर बसवलं. मग एका हातानं वर दोरी पकडली. दोन ठोके द्यायचे, बास.

एक ठोका पडला. दुसऱ्यासाठी ओढली तर दोरी येईना. ती ताणलेली होती. पलीकडून कुणीतरी धरली होती. जोरानं नव्हे. बाजारात अनोळखी बाईशी बोलताना आपण तिच्या बाहीला धरतो, तसं. आणि मी जिथे धरली होती तिथे ती उबदार होती.

"मामा, चला!" मी ओरडले.

"डबल पडल्याबिगर कशी चालवू?" मामा समोर पाहतच म्हणाले. त्यांनीही हात वर करून दोरी ओढली, ती येईना. "डबल दे, पोरी. लवकर दे."

मग मी बोलले. दाराकडे न बघता, मान खाली घालून, मी स्पष्ट म्हणाले, "आत्ता तिला नेऊ द्या. तिची तब्येत बरी नाही. बाळ झालं की इथे थांबून दाखवीन."

इंजिनं बोलत राहिली. एका बाजूनं पाण्याची पिचकारी उडत होती.

दोरी सैल झाली. दुसरा ठोका पडला. तो माझ्या हातानं पडला की नाही, ते मला सांगता येत नाही.

५

काठाला लागता लागता बेबीताईला कळा सुरू झाल्या आणि मध्यरात्रीच्या आत मुलगी झाली. रडली ती अशी, की समाजमंदिराबाहेर बसलेल्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. सोजरामामींनी गूळ वाटला. आईचा दाब उतरला, दोघींचे पाय गरम, मी खोलीच्या दारात उभी राहून आधी हसले आणि मग तिथेच उंबऱ्यावर बसले.

मामा पक्कड घेऊन आले होते.

"काढून टाकतो," ते म्हणाले. "घंटी अन् दोरी, दोन्ही. चुकलंच माह्यं. बोटीले घंटी कोणता शहाणा लावते?"

"तुम्ही पाहिलंत का, मामा?"

"मी डायव्हर."

"मामा."

त्यांनी पक्कड ह्या हातातून त्या हातात घेतली. "आपल्या भोनखेडीले एस.टी. कवा थांबलीच नाही, सिंधू. फाट्यावर उतरा अन् चाला. मी गाडी चालवत जाय तवा घर दिसे, धूर दिसे, पण थांबा नाही म्हणून थांबता येत नसे. बहीण शेतातून हात करे, मी हॉर्न वाजवून निघून जाय." त्यांनी बिडी काढली आणि तशीच परत खिशात ठेवली. "पहिल्या दिवशी घंटी वाजली ना, मले लय बरं वाटलं. खरं सांगतो. वाटलं, आता थांबतो बापा. आता कोणी साहेब नाही इचारणारा. पण आज ते पोरीले न्याले आले. हे नाही चालत. काढतो."

"असा राग धरू नका त्यांचा," आतून बेबीताई म्हणाली. तिचा आवाज थकलेला होता, पण त्यात तीच खोडी होती. "माय न्याले नाही आली. घ्याले आली. मामा, त्याच्यात फरक हाये."

"दोन्हीत पोर जाते ना इथून?"

"घंटी काढली तर ते थांबतीन कुठं?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी डॉक्टर होते, त्यांच्या मते हा माझा प्रश्न होता. मी म्हटलं, सकाळी सांगते.

६

सकाळी मी एकटी लाँचवर गेले. दव पडून सगळं पितळ धुरकटलं होतं. मी पदरानं एक खिडकी पुसली, मग दुसरी, मग पुसतच राहिले. नवशिक्या डॉक्टरला सुचतात तेवढी सगळी कारणं मी पुन्हा एकदा मांडली. थकवा. पाण्यावरचं ऊन. चढलेल्या दाबात बाईला भास होतात आणि जवळच्या घाबरलेल्या माणसालाही होऊ शकतात. सगळी कारणं चांगली होती. त्यातलं एखादं खरंही असेल. पण शब्द मी भासात दिला नव्हता. तो मी शुद्धीवर, मराठीत, मोठ्यानं दिला होता, आणि त्याच्या बदल्यात मला एक बाई आणि एक मूल मिळालं होतं.

हिवऱ्याकडे निरोप न्यायला मामा आले, तेव्हा ती पक्कड त्यांच्या खिशात होतीच. मामी मागून बजावत आल्या, "आधी च्या प्या, मंग काय तोडायचं ते तोडा."

"तोडायचं नाही," मी म्हणाले. "घंटा राहील. बोट रोज जाईल. हिवऱ्याची प्रत्येक बाई इकडे येईल आणि लाँच मधे थांबेल."

"अन् मागे कोण पाहीन?"

"मी."

मामींनी कपाळाला हात लावला. "दिल्लीले शिकून आली अन् कंडक्टर झाली!"

"सव्वा महिन्यानं बेबीताई सासरी जाईल," मी मामांना म्हणाले. "त्या दिवशी एक ठोका मी स्वतः देईन. तुम्ही गिअर काढायचा आणि समोर पाहायचं. दारापाशी मी उभी राहीन, मुलगी माझ्या हातात असेल."

 मामांनी वाकून फळी उचलली आणि सासूच्या वाटीत तेल घालायला सुरुवात केली.

"देशीन त्यांच्याजवळ?" त्यांनी खालूनच विचारलं.

रात्रभर मी तेवढंच ठरवत होते.

"दाखवीन," मी म्हणाले. "देणार नाही."